राष्ट्राध्यक्षांची बायको, पण त्याआधी चित्रकार: एलन विल्सन

तिरफळ

वुड्रो विल्सन म्हटलं की आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातली ती चौदा कलमं आठवतात, राष्ट्रसंघ आठवतो, आणि ज्यांनी थोडं पुढे वाचलंय त्यांना त्याची बायको एडिथ आठवते, तो अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्यावर सगळे कागद आधी जिच्या हाताखालून जायचे ती. पण एडिथ दुसरी. पहिली एलन. १८८५ ते १९१४ संसार, तीन मुली, व्हाइट हाऊसमध्ये जेमतेम दीड वर्ष आणि तिथेच वारली. ही बाई रीतसर शिकलेली चित्रकार होती आणि नवऱ्याला कुत्रं विचारत नव्हतं तेव्हापासून होती.

धागा काढायचं कारण म्हणजे हिच्याबद्दल जिथे वाचायला जावं तिथे एकच सूर, की बिचारीने नवऱ्यापायी ब्रश खाली ठेवला. ते खोटं नाहीये, पण गोष्ट तिथे संपत नाही ना. ब्रश तिने परत उचलला, पंचेचाळिशीला आल्यावर, आणि मग तो सोडला नाही. मला त्या परत उचलण्यात जास्त रस आहे.

तर जन्म १८६०, सव्हाना, जॉर्जिया. वडील प्रेस्बिटेरियन पाद्री, ते नंतर रोम नावाच्या गावात आले (जॉर्जियातलंच रोम, इटलीतलं नव्हे). तिथल्या मुलींच्या कॉलेजात हेलन फेअरचाइल्ड म्हणून चित्रकलेच्या बाई मिळाल्या, त्या न्यूयॉर्कच्या नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनमध्ये शिकून आलेल्या. हिचं एक ड्रॉइंग १८७८ च्या पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात गेलं आणि त्याला ब्राँझ पदक मिळालं. वय १८! मग ती गावातल्या लोकांची क्रेयॉनमध्ये पोर्ट्रेट्स करून पैसे मिळवायला लागली, घरात चणचण होतीच. मैत्रिणी तिला 'पुरुषद्वेष्टी एली' म्हणून चिडवायच्या कारण हिचा बेत असा होता की लग्नबिग्न काही करायचं नाही, फक्त बायकांसाठी एक बोर्डिंग हाऊस काढायचं आणि चित्रांवर पोट भरायचं.

१८८१ मध्ये आई बाळंतपणानंतर गेली. धाकटी भावंडं हिच्या गळ्यात, आणि वडिलांचं डोकं हळूहळू ठिकाणावरून सुटायला लागलं. १८८३ च्या एप्रिलमध्ये विल्सन रोमला आला, अटलांटात त्याची वकिली काही चालत नव्हती आणि आईच्या इस्टेटीचं काम होतं, चर्चमध्ये त्याला ही दिसली, काळ्या क्रेपच्या बुरख्यातली. सप्टेंबरात साखरपुडासुद्धा झाला. पुढच्या वर्षी मेमध्ये वडील मिलेजव्हिलच्या मनोरुग्णालयात वारले.

आता बघा हं. साखरपुडा झालेला, वडील नुकतेच वारलेले, १८८४ सालची दक्षिणेतली पाद्र्याची मुलगी, आणि ती काय करते तर वडिलांकडून आलेल्या पैशांतून एकटी न्यूयॉर्कला जाऊन आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये नाव घालते. लीग म्हणजे १८७५ मध्ये विद्यार्थ्यांनीच उभी केलेली संस्था, बायकांना जिवंत मॉडेलवरून काम करायला मिळायचं अशा त्या काळच्या मोजक्या जागांपैकी. तिथे तिचा एक हंगाम झाला. जून १८८५ मध्ये सव्हानाला आजोबांच्या घरी लग्न लागलं, आणि चित्रकला संपली म्हणजे जवळजवळ वीस वर्षांसाठी.

पुढचं प्रतिसादांत लिहिते, एकदम मोठं होईल. तोवर कोणी तिची चित्रं प्रत्यक्ष पाहिली असतील तर सांगा.

करडई

छान लिहिलंय. पण ताई मला हे 'परत उचलला' ऐकून बरं वाटण्यापेक्षा त्या मधल्या वीस वर्षांचा रागच जास्त येतो. ब्रिन मॉरला (फिलाडेल्फियाजवळचं बायकांचं कॉलेज) नवऱ्याला नोकरी लागली तेव्हा ही आठवड्यातून दोनदा फिलाडेल्फियाला जाऊन मिसेस रोरर यांच्या कुकिंग स्कूलमध्ये स्वयंपाक शिकायची असं मी वाचलंय. म्हणजे लीगच्या लाइफ क्लासमधून उठून थेट सॉस कसा घोटायचा त्याच्या क्लासला. शिवाय नवऱ्याच्या अभ्यासासाठी जर्मन शिकली, त्या जाड्या जाड्या जर्मन पुस्तकांतलं त्याला हवं ते वाचून टिपणं काढून द्यायची. भावंडं तिच्याकडेच वाढली. मुली १८८६, ८७ आणि ८९, म्हणजे श्वास घ्यायला उसंत नाही. आणि पहिल्या दोन बाळंतपणांना मुद्दाम जॉर्जियाला गेली की लेकरं उत्तरेत जन्मायला नकोत! तो वेगळाच विषय.

तर मुद्दा असा की हा 'त्याग' वगैरे शब्द नंतरचे लोक लावतात, तेव्हा ते नुसतं काम होतं, बिनपगारी.

पितळी डबा

मी जरा विरोधी सूर लावतो. राष्ट्राध्यक्षाची बायको नसती तर आज हिचं नाव कोणी घेतलं असतं का? लीगमध्ये त्या वेळी शेकडो मुली शिकत होत्या. चित्रं विकली गेली ती कधी, तर १९१३ च्या सुरुवातीला फिलाडेल्फियात आर्ट्स अँड क्राफ्ट्स गिल्डमध्ये पन्नास लॅण्डस्केप्स लावली तेव्हा. नवरा नोव्हेंबर १९१२ मध्ये निवडून आलेला. आता होणाऱ्या फर्स्ट लेडीचं चित्र दिवाणखान्यात लावायला कोण नको म्हणेल? आपल्याकडे मंत्र्यांच्या बायकांची प्रदर्शनं बघा, उद्घाटनाच्या दिवशीच लाल टिकल्या (चित्र विकलं गेल्याची खूण) लागलेल्या असतात.

तिरफळ

@पितळी डबा, हा प्रश्न येणार याची खात्रीच होती :)

फिलाडेल्फियाचं तुमचं बरोबर आहे, तिथे नावाचा फायदा झालाच असणार. पण हा संशय तिला स्वतःलाच तुमच्याआधी आला होता. १९११ मध्ये विल्सन न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, अध्यक्षपदासाठी नाव घेतलं जायला लागलं होतं, तेव्हा तिने एक चित्र न्यूयॉर्कच्या मॅकबेथ गॅलरीकडे पाठवलं ते खरं नाव लपवून. आणि मॅकबेथ म्हणजे कोणी लुंगेसुंगे नव्हेत, १९०८ मध्ये त्या आठ बंडखोर चित्रकारांचं गाजलेलं प्रदर्शन याच गॅलरीने भरवलेलं. चित्र पसंत पडलं, प्रदर्शनाला गेलं, आणि नंतर विल्यम मॅकबेथ तिचे एजंटच झाले. म्हणजे निवड झाली तेव्हा निवडणाऱ्यांना ही बाई कोण ते माहीत नव्हतं. माझ्या मते तिच्या आख्ख्या करिअरमधली सगळ्यात चलाख गोष्ट ही आहे, कारण एकदा नवरा व्हाइट हाऊसात गेला की ही परीक्षा द्यायची सोयच राहिली नसती.

आणि फिलाडेल्फियाचे पैसे घरी गेले नाहीत, त्याबद्दल खाली येईलच.

@करडई, रागाशी सहमत. फक्त एक भर घालते. प्रिन्स्टनला आल्यावर लायब्ररी प्लेसवर त्यांनी १८९६ मध्ये घर बांधलं त्याच्या आराखड्यात तिचा हात होता, म्हणजे डोळा रिकामा बसला नव्हता, कॅनव्हास नाही तर घर, घर नाही तर बाग.

प्राजक्ता_न्यूजर्सी

बागेवरून आलेच मी! आम्ही इथे जवळच राहतो, भारतातून कोणी पाहुणे आले की प्रिन्स्टनची चक्कर ठरलेली आणि प्रॉस्पेक्ट हाऊसच्या मागच्या बागेत सगळ्यांचे फोटो. ती बाग हिने आखलेली आहे. विल्सन १९०२ मध्ये विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि ते त्या घरात राहायला आले. तेव्हा पोरं सरळ यांच्या अंगणातून शॉर्टकट मारत जायची, मॅचच्या दिवशी तर झुंडीच्या झुंडी, सगळी झाडं तुडवली जायची, म्हणून विल्सनने १९०४ मध्ये लोखंडी कुंपण घातलं आणि त्यावरून पोरांनी केवढा दंगा केला, कुंपणाचा काही भाग उखडलासुद्धा. कुंपण राहिलं. आणि बाग वरून बघितली तर मधला भाग साधारण ढालीच्या आकाराचा दिसतो.

मे महिन्यात जा कोणी जाणार असाल तर, तेव्हा ट्यूलिप असतात. पार्किंगचं मात्र देवाचं नाव घ्यायचं.

उंडगा_लॅण्डस्केपवाला

मी स्वतः ऑइलमध्ये लॅण्डस्केप करतो, हौशीच म्हणा, पण बरीच वर्षं. तिच्या चित्रांचे चांगल्या रिझोल्यूशनचे जेवढे फोटो मिळाले ते रात्री बसून बघितले. माझं प्रामाणिक मत देतो, कोणाला आवडो न आवडो.

पहिलं म्हणजे हिच्या चित्रांत माणसं जवळजवळ नाहीतच. रस्ता आहे, ओढा आहे, शरदातली झाडं आहेत, लांबवर टेकडी, आणि सगळं आवाज बंद केल्यासारखं. आणि गंमत म्हणजे तरुणपणी पोट भरलं ते चेहरे काढून! पोर्ट्रेट येत असताना बाईने पुढे माणसंच काढली नाहीत हा योगायोग मला वाटत नाही, दिवसभर घरात पाहुणे, नातेवाईक, प्राध्यापक, पुढारी, आजारी भाऊ, असं असल्यावर सुटीच्या दिवशी मीही झाडंच काढली असती.

दुसरं, ओल्ड लाइम. हे कनेटिकटमधलं गाव आणि तिथे मिस फ्लॉरेन्स ग्रिसवोल्ड यांचं बोर्डिंग हाऊस, तिथे चित्रकारांचा अड्डा होता. डायनिंग रूमच्या लाकडी पॅनल्सवर आणि दारांवर चित्रकारांनी काढलेली चित्रं आहेत, ते घर आता म्युझियम आहे. उन्हाळ्यात काही मंडळी व्हरांड्यात जेवायला बसायची त्या टोळक्याचं नाव 'हॉट एअर क्लब', म्हणजे गप्पा काय दर्जाच्या चालत असतील बघा. आधी हे गाव काळपट, धुकट, तपकिरी रंगवणाऱ्यांचं होतं, मग १९०३ मध्ये चाइल्ड हॅसम आला आणि सगळ्यांच्या पॅलेटवर ऊन पडलं. एलन आली १९०५ मध्ये, म्हणजे ते वळण नुकतं पडलेलं असताना. तिच्या चित्रांत दोन्ही दिसतं. सावल्या जुन्या, दबलेल्या आणि झाडांच्या शेंड्यांवर मात्र नवे, सुटे, जाड फटकारे. झाडाच्या कडा मऊ सोडते आणि आकाश शेवटी भरते असं वाटतं, काही ठिकाणी आकाशाचा रंग फांद्यांवर आलेला दिसतो.

हॅसमच्या पंगतीत बसवायची गरज नाही. विलार्ड मेटकाफच्याही नाही. पण प्रदर्शनात तिच्या चित्रापुढून मी न थांबता गेलो नसतो. आणि वीस वर्षं हात बंद ठेवून मग पाच-सहा उन्हाळ्यांत हे जमवणं, ज्यांनी कधी ब्रश धरलाय त्यांना विचारा ते काय असतं. हात विसरतो हो. रंग किती पातळ करायचा तेसुद्धा विसरतो.

करडई

@उंडगा, काय सुंदर प्रतिसाद. पण १९०५ मध्येच का? अचानक कशी गेली ती तिकडे?

तिरफळ

तेच सांगायचं होतं. एप्रिल १९०५. तिचा धाकटा भाऊ एडवर्ड, ज्याला तिने जवळजवळ पोटच्या मुलासारखं वाढवलं होतं, तो, त्याची बायको आणि दोन वर्षांचा मुलगा असे तिघंही जॉर्जियात इटोवा नदीत बुडून गेले. नदी ओलांडायच्या तराफ्यावर चढताना घोडे बिथरले आणि गाडी पाण्यात. एलन त्यानंतर पार मिटली. वडिलांचं ते तसं झालेलं, दुसरा भाऊ स्टॉकटन यालाही नैराश्याचे झटके यायचे, म्हणजे घरात तो धागा होताच आणि नवरा घाबरला असणार. म्हणून त्या उन्हाळ्यात सगळं कुटुंब ओल्ड लाइमला, आणि तिथे फ्रँक ड्यूमंड चालवायचा त्या उन्हाळी वर्गात हिने नाव घातलं. पुढे १९०८ पासून परत परत जात राहिले.

म्हणजे औषध म्हणून सुरू झालं. पण औषध म्हणून सुरू केलेलं कोणी मॅकबेथकडे टोपणनावाने पाठवत नाही. मधे कुठेतरी तिने ठरवलं असणार की हे आता नीट करायचं.

आणि फिलाडेल्फियाच्या विक्रीचे पैसे तिने रोमजवळच्या बेरी स्कूलला दिले, मार्था बेरी यांनी डोंगराळ भागातल्या गरीब मुलांसाठी काढलेली शाळा, तिथे एडवर्डच्या नावाने शिष्यवृत्ती. @पितळी डबा, लाल टिकल्या लागल्या त्या यासाठी.

पितळी डबा

ओके, मॅकबेथचा मुद्दा मान्य. तरी माझा मूळ प्रश्न राहतोच, की आज आपण इथे बोलतोय ते ती चांगली चित्रकार म्हणून की विल्सनची बायको म्हणून. धाग्याच्या शीर्षकातच उत्तर आहे म्हणा.

सरळमार्गी

कोणीच ती मेरी पेकची गोष्ट काढत नाहीये म्हणून मी काढतो. एवढी प्रेमपत्रं लिहिणारा विल्सन (त्याचे कागदपत्र ६९ खंडांत छापलेत, त्यात बायकोला लिहिलेली पत्रं शेकड्याने आहेत आणि ती वाचवत नाहीत इतकी गोड आहेत), तोच बर्म्युडाला सुटीवर जाऊन तिथे मेरी पेक नावाच्या बाईच्या नादी लागला. किती पुढे गेलं ते ज्याचं त्याला ठाऊक, पण पत्रव्यवहार बरीच वर्षं चालला. एलनला माहीत होतं. आणि तिने काय करावं तर त्या बाईला घरी येणंजाणं ठेवलं, म्हणजे लोकांच्या तोंडाला कुलूप.

करडई

याला सोशिकपणा म्हणायचं की राजकारण?

हेमाडपंती

राजकारणच. या बाईला राजकारण नवऱ्यापेक्षा जास्त कळायचं. मार्च १९११ मध्ये विल्यम जेनिंग्स ब्रायन, तीन वेळा अध्यक्षपदाला उभा राहून पडलेला पण पक्षात अजून ज्याच्या शब्दाला वजन असा माणूस, प्रिन्स्टनच्या सेमिनरीत भाषणाला येणार असं हिला कळलं. विल्सन तेव्हा अटलांटाला होता. हिने परस्पर ब्रायनला जेवायला बोलावलं आणि नवऱ्याला तार केली, लगेच ये. जेवण झालं, सूर जुळले, आणि १९१२ च्या बाल्टिमोरच्या अधिवेशनात ४६ व्या फेरीत विल्सनला उमेदवारी मिळाली त्यात ब्रायनचं झुकणं महत्त्वाचं होतं. आणि त्याच बाईने नंतर मावळते अध्यक्ष टाफ्टना पत्रात काय लिहावं, तर मला मुळात महत्त्वाकांक्षाच नाही आणि व्हाइट हाऊसचं आकर्षण तर बिलकूल नाही. दोन्ही खरं असू शकतं म्हणा.

पण मला दुसरंच बोलायचंय. धाग्यात सगळं ओल्ड लाइमचं कोवळं ऊन चाललंय, त्यात थोडं मीठ टाकतो. विल्सनच्या कारकिर्दीत १९१३ पासून केंद्र सरकारच्या खात्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवणं सुरू झालं. पोस्ट खातं आणि ट्रेझरी यात पुढे, आणि ट्रेझरीचा सेक्रेटरी मॅकाडू म्हणजे मे १९१४ मध्ये यांचाच जावई झाला. निषेध झाला, विल्यम मन्रो ट्रॉटर तर विल्सनच्या ऑफिसात जाऊन त्याच्याशी भांडला. प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२० मध्ये एका स्कूलवरून विल्सनचं नाव काढलं ते याच कारणाने.

आणि एलनचं ते गाजलेलं समाजकार्य बघा. वॉशिंग्टनमध्ये मोठ्या घरांच्या मागच्या गल्ल्यांमध्ये, ज्यांना तिथे ॲली म्हणतात, खोपटांतून लोक राहायचे, पाणी नाही, संडास नाही, बहुतेक सगळे काळे. शार्लट हॉपकिन्स नावाच्या बाईंनी विल्सनच्या शपथविधीनंतर महिन्याभरातच एलनला तिथे नेलं. मग ही काँग्रेसच्या लोकांना व्हाइट हाऊसच्या गाडीत घालून त्या गल्ल्या दाखवायला लागली, आणि जे बिल आलं त्याला सगळे 'मिसेस विल्सनचं बिल' म्हणायला लागले. हेतूबद्दल मी शंका घेत नाही. पण बिलात काय होतं तर ती वस्ती बंद करा. त्या लोकांनी जायचं कुठे, त्यांना भाड्याने घरं कोण देणार, याची कायद्यात तरतूद नाही. सप्टेंबर १९१४ मध्ये कायदा झाला, १ जुलै १९१८ नंतर गल्लीत राहायला बंदी अशी मुदत घातली, मग युद्ध आलं, घरांची टंचाई, मुदत पुढे, आणखी पुढे, आणि शेवटी कोर्टात गेला. तिला ते घाण, अंधारं दृश्य बघवलं नाही, आणि दृश्य काढून टाकलं की काम झालं असं त्या वर्गातल्या पुष्कळ भल्या माणसांना वाटायचं. लॅण्डस्केपमध्ये माणसं नाहीत म्हणालात ना @उंडगा.

उंडगा_लॅण्डस्केपवाला

आई शप्पथ. हे जरा जास्तच लागलं. पण चित्रावरून कायद्यावर उडी मारू नका राव, मग सगळ्याच निसर्गचित्रकारांना उभं करावं लागेल पिंजऱ्यात.

तिरफळ

@हेमाडपंती, बिलाच्या उणिवेबद्दल तुम्ही लिहिलंय ते अगदी बरोबर आणि ते धाग्यात यायलाच हवं होतं. फक्त ती नुसती गाडीतून बघून परत गेली नाही. चांगली, स्वस्त भाड्याची घरं बांधणाऱ्या कंपनीचे शेअर्स घेतले होते तिने. सरकारी कचेऱ्यांत फिरली तेव्हा बायका कर्मचाऱ्यांना विश्रांतीची, हातपाय धुवायची जागासुद्धा नाही हे बघून त्याच्या मागे लागली. आणि लीगमध्ये शिकत असताना न्यूयॉर्कमध्ये काळ्या मुलांच्या मिशन शाळेत शिकवायला जायची, तेव्हा कोणी फोटो काढायला नव्हतं. पण नवऱ्याच्या खात्यांत जे चाललं होतं त्याविरुद्ध ती बोलल्याचं कुठे दिसत नाही, हेही खरंय. दक्षिणेतली बाई, तिथल्या चौकटीत दयाळू. तिला त्यापेक्षा मोठी करून दाखवायची माझी इच्छा नाही.

व्हाइट हाऊसमधलं चित्रकलेचं सांगायचं राहिलं. आल्या आल्या वरच्या मजल्यावर एक खोली स्टुडिओ करून घेतली, छतातून उजेड येईल अशी. शपथविधीचा बॉल (नाचाचा समारंभ) आधीच रद्द झाला होता, उगाच खर्च नको म्हणून. एका बेडरूमला अपालाचियन डोंगरातल्या बायकांनी हातमागावर विणलेलं कापड आणि गालिचे लावले, म्हणजे आज आपण ज्याला हातमाग वाचवा वगैरे म्हणतो ते १९१३ मध्ये. आणि १९१३ चा उन्हाळा न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निशला, हीपण चित्रकारांचीच वसाहत, शिल्पकार सेंट-गॉडन्सभोवती जमलेली. विल्सन जकातीच्या बिलात वॉशिंग्टनला अडकलेला, ही आणि मुली तिकडे. रॉबर्ट व्होनोने तिचं आणि तिन्ही मुलींचं चहाच्या टेबलाशी बसलेलं चित्र काढलं ते याच उन्हाळ्यातलं. बघाच ते. मला त्यात नेहमी वाटतं की या चौघींपैकी एकीला तरी उठून व्होनोचा कॅनव्हास कसा झालाय ते बघायचंय.

जोंधळा

रोझ गार्डन राहिलं की! व्हाइट हाऊसचं ते प्रसिद्ध गुलाबाचं अंगण मुळात हिचं. आधी तिथे थिओडोर रूझवेल्टच्या बायकोची जुन्या पद्धतीची बाग होती, एलनने जॉर्ज बर्नॅप या लँडस्केप आर्किटेक्टला घेऊन १९१३ मध्ये तिथे गुलाब आणले. १९६२ मध्ये केनेडीच्या वेळी सगळं नव्याने झालं, आणि २०२५ मध्ये मधलं लॉन काढून फरशी घातली.

आणि ही अशी एकटीच नव्हे. बेंजामिन हॅरिसनची बायको कॅरोलाइन चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रं काढायची, बायकांना शिकवायचीसुद्धा, आणि व्हाइट हाऊसच्या ताटांच्या काठावर मक्याची कणसं आणि गोल्डनरॉड ही फुलं आहेत ते डिझाइन तिचं. तीसुद्धा व्हाइट हाऊसमध्येच गेली, १८९२ मध्ये. त्याच्या आधी टायलरची बायको १८४२ मध्ये आणि मग एलन. नवरा अध्यक्ष असताना तिथे वारलेल्या या तिघीच, आणि त्यातल्या दोघी रंगवणाऱ्या.

वेणूची आत्या

फार उशिरा धागा पाहिला. एका लेकीबद्दल सांगते, तिचा आपल्याशी संबंध आहे. थोरली मार्गारेट. ही गाणारी, युद्धात रेड क्रॉससाठी आणि सैनिकांसाठी गायची. आई गेल्यावर बापाने पुन्हा लग्न करेपर्यंत व्हाइट हाऊसचं यजमानपण हिनेच सांभाळलं. लग्न केलं नाही. पुढे न्यूयॉर्कच्या लायब्ररीत हिच्या हाती श्री अरविंदांचं गीतेवरचं पुस्तक पडलं आणि १९३८ मध्ये ही बाई थेट पाँडिचेरीच्या आश्रमात येऊन राहिली, ती परत गेलीच नाही. तिथे तिचं नाव निष्ठा. रामकृष्णांच्या वचनामृताच्या इंग्रजी भाषांतराचं मजकूर-संपादन करणाऱ्यांत तिचं नाव आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये गेली, तिथेच दफन. आईला मूत्रपिंडाच्या विकाराने नेलं, लेकीलाही शेवटी त्यानेच गाठलं.

आम्ही दरवर्षी पाँडिचेरीला जाणारी माणसं, समाधीपाशी बसायचो, पण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची मुलगी इथे राहून गेलीय हे तिथल्या एका वृद्ध साधकांनी सांगेपर्यंत आम्हाला पत्ता नव्हता.

प्राजक्ता_न्यूजर्सी

काय सांगता! हे तर इथे प्रिन्स्टनमध्येही कोणी सांगत नाही. तिरफळताई, एलनच्या शेवटाचं लिहा ना, त्या आजाराचं.

तिरफळ

लिहिते. ब्राइट्स डिसीज म्हणायचे तेव्हा, मूत्रपिंडाचा. नोव्हेंबर १९१३ मध्ये मधली मुलगी जेसीचं लग्न व्हाइट हाऊसमध्ये, थाटात. मार्च १९१४ मध्ये एलन खोलीत पडली, सगळ्यांना वाटलं पडल्याचं दुखणं आहे, थकवा आहे. मे महिन्यात धाकटीचं मॅकाडूशी लग्न झालं ते मुद्दाम अगदी लहान केलं. जुलैपर्यंत ती अंथरुणाला लागली. नवऱ्याला डॉक्टरांनी सगळं शेवटी शेवटी सांगितलं.

आणि तारखा बघा. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं, ४ ऑगस्टला ब्रिटन उतरलं. त्याच दिवशी विल्सनने लढणाऱ्या देशांना मध्यस्थीची तयारी कळवली, तो मजकूर तिच्या उशाशी बसून लिहिला असं सांगतात. ६ ऑगस्टला संध्याकाळी ती गेली. सिनेटने गल्ल्यांचं बिल मंजूर केल्याचा निरोप तिला त्या दिवशी दिला गेला. डॉक्टर ग्रेसनला तिने वुड्रोची काळजी घ्यायला सांगितलं. रोमला, मर्टल हिलच्या दफनभूमीत, आईवडिलांजवळ पुरलं. वय ५४.

सव्वा वर्षाने, डिसेंबर १९१५ मध्ये, त्याने एडिथशी लग्न केलं. (यावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, इथे नको.)

उंडगा_लॅण्डस्केपवाला

१९०५ ते १९१४ धरलं तर जेमतेम नऊ वर्षं मिळाली बाईला, त्यातले अर्धे दिवस निवडणुका आणि पाहुणे. शेवटच्या दोन उन्हाळ्यांतलं काम आधीच्यापेक्षा मोकळं आहे हे फोटोतही दिसतं. अजून दहा वर्षं मिळायला हवी होती, मग पितळी डबा यांच्याशी भांडायला मजा आली असती.

ती चित्रं कुठे टांगलेली आहेत कुणाला माहीत आहे का? पुढच्या वर्षी मुलीकडे बॉस्टनला जाणार आहे.

तिरफळ

वॉशिंग्टनला एस स्ट्रीटवर विल्सन हाऊस आहे, म्युझियम, त्यांच्याकडे काही आहेत. घर खरं तर एडिथचं, विल्सन अध्यक्षपदानंतर तिथे राहायचा. पण तुम्ही बॉस्टनला येणार असाल तर आधी ओल्ड लाइम गाठा, बॉस्टन-न्यूयॉर्क रस्त्यावरच पडतं. ग्रिसवोल्ड बाईंचं घर बघा, ते जेवणघरातले पॅनल बघा आणि मग मागच्या बाजूला नदीपर्यंत चालत जा, सगळे तिथेच स्टूल टाकून बसायचे. एलनची चित्रं त्या दिवशी भिंतीवर असतील की नाही ते आधी फोन करून विचारा.

पितळी डबा

आणि परत आल्यावर फोटो टाका. फोनवरचे नकोत, नीट कॅमेऱ्याचे.